पाणी किती फुटांवर आलं, आई?

‘ताई, मुलगा तिसरीत आहे. ऑनलाइन तासाला पाच मिनिटं एका जागी टिकत नाही. कधी खिडकीशी, कधी जिन्यात. फोन वाजला की “पाणी किती फुटांवर आलं?” विचारत धावत येतो. २०१९ला आणि परवाच्या, २०२१च्या जुलैत, दोनदा आम्हाला घर सोडावं लागलं. शेजारच्या काकू म्हणतात, हा हायपर आहे. सासूबाई म्हणतात, तुझा धाक नाही. काल त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग मीच न्हाणीत जाऊन रडले. काय करू?’
– एक आई, गावभाग, सांगली

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. फुटांचं तुम्ही एका ओळीत उरकलंत, पण मला सगळा गुंता तिथंच दिसतोय.

सांगलीच्या पोरांना कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजलेली पाण्याची पातळी पाढ्यांसारखी पाठ असते. ४० फूट इशारा, ४५ धोका. आणि ती पातळी येते कुठं? ज्या फोनवर त्याची शाळा भरते, त्याच फोनवर. बाई ‘हातचा एक’ म्हणत असतात आणि वर मेसेज झळकतो. दोनदा घरातून बाहेर पडलेलं लेकरू आधी पाण्याकडेच बघणार. हा खोडकरपणा नव्हे हो, ही धास्ती आहे.

म्हणून तासाच्या वेळी मेसेज बंद ठेवा. पातळी मात्र त्याच्यापासून लपवू नका. सकाळी तासाआधी आणि संध्याकाळी, दोघांनी मिळून बघा आणि त्यालाच दारामागे खडूनं लिहू द्या, तारखेसकट. मध्येच विचारलं तर ‘संध्याकाळी बघू’ एवढंच म्हणा. पाणी चढलं तर कुणाकडे जायचं, त्याचं दप्तर कोण उचलणार, हेही एकदा नीट सांगून टाका. दप्तराची काळजी मुलांना आपल्याला वाटते त्याहून फार असते.

आता बसण्याचं. आठ वर्षांच्या मुलानं मांडी घालून पडद्याकडे टक लावावी, ही अपेक्षाच सोडा. केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाबद्दलच्या २०२०च्या ‘प्रज्ञाता’ सूचनांतही पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं सांगितली आहेत. तुमच्या शाळेचे तास याहून जास्त असतील तर वर्गाच्या बाईंशी स्पष्ट बोला. दोन पुरांचंही त्यांच्या कानावर घाला. त्यांना पडद्यावर फक्त चुळबुळ दिसत असेल.

फोन शिलाई मशीनवर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला टेकवून ठेवा आणि खुशाल उभं राहून ऐकू द्या. हाताला भुईमुगाच्या शेंगा द्या सोलायला, नाहीतर कणकेचा गोळा. माझा नातू गेल्या वर्षी अख्खा परिसर अभ्यास शेंगा सोलत ऐकायचा. त्याला मध्येच प्रश्न विचारला की उत्तर बरोबर यायचं, मान मात्र खालीच. तास संपला की ‘काय शिकवलं?’ म्हणून उलटतपासणी नको. त्यातली एक गोष्ट आजीला सांगायची, एवढंच ठरवा. सासूबाईंनाही त्यात ओढा, धाकाचा विषय आपोआप मागे पडेल.

काकूंचं मनावर घेऊ नका. हायपर म्हणजे अतिचंचलतेचा आजार आहे की नाही हे डॉक्टर ठरवतात, तेही ती लक्षणं निदान सहा महिने, घरात आणि घराबाहेरही दिसत असतील तर. पण तो रात्री दचकून उठत असेल, अंथरूण ओलं करत असेल, पाऊस सुरू झाला की जेवत नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडे न्यायला उशीर करू नका.

धपाट्याबद्दल आज रात्री त्याला जवळ घेऊन सांगा, ‘आई चुकली.’ सासूबाई ऐकत असतील तर ऐकू देत.

आणि भिंतीवरची पुराची खूण मोजायची म्हणून तो स्वतःहून मागे लागला, तरच टेप त्याच्या हातात द्या. तो फुटांत मोजेल, तुम्ही सेंटिमीटर करून घ्या. तेवढंच तिसरीचं गणितही होईल.