आयफाइव्ह आहे म्हणतात, पण कितव्या जनरेशनचा? ऑफिसच्या स्वस्त पीसीबद्दल तुमचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीचे होते, ऑफिसच्या साध्या कामाला कमी पैशात डेस्कटॉप कसा करायचा. मी बरीच वर्षं हेच करतोय, दुकानं, दवाखाने, शाळांची ऑफिसं, आणि दर वेळी बघतो की लोक प्रोसेसरवर सढळ हाताने खर्च करतात आणि जिथे खरं काम अडतं, म्हणजे डिस्क, सप्लाय, अर्थिंग, तिथे हात आखडता घेतात. तर एकेक घेऊ.

प्रश्न: लातूरला आडत दुकान आहे. टॅली, जीएसटीचं काम, पावत्यांची प्रिंट, एवढंच. दुकानदार म्हणतो 16 जीबी रॅम आणि ग्राफिक्स कार्ड घ्याच. खरंच लागतं का?

ग्राफिक्स कार्ड अजिबात नको दादा, टॅलीला त्याचा काडीचा उपयोग नाही. नवीनच असेंबल करायचं तर इंटेलचा आयथ्री 12100 प्रोसेसर आणि एच 610 चा साधा मदरबोर्ड भरपूर झाला. फक्त एक बघा, प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असेल, म्हणजे 12100 एफ, तर त्यात डिस्प्ले नसतोच आणि मग तेच नको असलेलं कार्ड गळ्यात पडतं, हजार-दीड हजार वाचवायला जाऊन जास्त जातात. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरमधे उलटं आहे, 5600 जी मधला जी म्हणजे आत ग्राफिक्स आहे, नुसता 5600 घेतला तर स्क्रीन काळीच राहणार.

रॅम 8 जीबीत काम निघतं, पण बोर्डावर दुसरा स्लॉट रिकामा राहील असं बघा, उद्या ब्राउझरचे वीस टॅब उघडायची सवय लागली की दुसरी 8 टाकता येते. 2025 च्या शेवटापासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत, त्यामुळे आत्ता उगाच 16 घेऊन ठेवायची घाई नको.

पैसे घाला एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या, आत काहीच न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर, साधी 256 जीबी चालेल पण नाव असलेल्या कंपनीची, बिलावर वॉरंटीसकट. हार्ड डिस्कला विखुरलेला एकेक तुकडा शोधायला साधारण 10 मिलिसेकंद लागतात आणि विंडोज चालू होताना असे हजारो तुकडे शोधावे लागतात, एसएसडी तेच शंभरपट लवकर करते. मार्केट यार्डात सकाळी सौदे सुरू झाल्यावर शेतकरी पट्टीसाठी समोर उभा असतो आणि स्क्रीनवर गोल फिरत राहतो, ते थांबायला पाहिजे. जुन्या पीसीची हार्ड डिस्क चांगली असेल तर यूएसबी केसिंगमधे टाका आणि रोज संध्याकाळी टॅलीचा बॅकअप त्यात घ्या, कारण हार्ड डिस्क बरेचदा जायच्या आधी आवाज करायला लागते पण एसएसडी काहीच न सांगता एका सकाळी मरते.

आणि हो, इलेक्ट्रॉनिक वजनकाटा पीसीला जोडलाय का? काट्याला नऊ पिनांचा सीरियल पोर्ट लागत असेल तर नवीन बोर्डाच्या मागे तो बहुतेक नसतोच, आधी विचारून घ्या. बिल जीएसटीचंच घ्या, तुमचं रजिस्ट्रेशन असेल तर 18 टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, विदाउट बिल स्वस्त दिलं तरी हिशोबात फारसं उरत नाही आणि वॉरंटीला कागदच नसतो.

प्रश्न: पुण्यात एक जण रिफर्बिश्ड डेल देतोय, आयफाइव्ह, 8 जीबी, 256 एसएसडी. अगदी स्वस्त. घेऊ का?

रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेलं पण साफ-दुरुस्त करून विकलेलं, घ्याच, मी स्वतः बऱ्याच ऑफिसांना तेच बसवतो. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी लीजवरची मशीन एकगठ्ठा बदलतात, ती दणकट असतात, आत धूळ सोडली तर फार काही झालेलं नसतं, आणि रॅमसकट येतात ही आत्ताच्या भावात मोठी गोष्ट आहे. पण "आयफाइव्ह" एवढंच सांगणाऱ्याला पुढचा आकडा विचारा. आयफाइव्ह 2400 हा 2011 चा, दुसऱ्या जनरेशनचा, आणि 8500 हा आठव्या जनरेशनचा, सहा कोअरचा. नाव एक पण जमीन-अस्मानाचा फरक. विंडोज 11 अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढेच चालतं, त्यामुळे त्याच्या खालचं मशीन विंडोजच्या कामाला घेऊच नका. डेल ऑप्टिप्लेक्समधे 3050, 5050, 7050 ही जुनी, 3060, 5060, 7060 ही आठवीची. एचपी एलिटडेस्क 800 मधे जी 3 सोडा, जी 4 घ्या. लेनोव्होत एम 710 नको, एम 720 बघा.

दुकानात गेल्यावर मशीन चालू करून घ्या आणि टास्क मॅनेजरमधे प्रोसेसरचं पूर्ण नाव स्वतः वाचा. नंतर रीस्टार्ट करून बायोसमधे, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर जा, डेलला एफ 2, एचपीला एफ 10, लेनोव्होला एफ 1. तिथे पासवर्ड मागितला तर ते मशीन तिथेच ठेवून या, जुन्या कंपनीचं कुलूप आहे ते आणि नंतर तुम्हाला काहीच बदलता येणार नाही. एसएसडी किती तास चाललीय ते क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या प्रोग्रॅममधे दिसतं, फुकट आहे, पेन ड्राइव्हवर घेऊन जा. मागचे पोर्ट बघा, काही मॉडेलना डिस्प्लेपोर्टच असतो, एचडीएमआय नसतो, मग केबल वेगळी घ्यावी लागते. एक कमी बाजू पण सांगतो, यांचा पॉवर सप्लाय कंपनीच्या मापाचा असतो, डेलचा कनेक्टरही वेगळा, बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही, म्हणून तो गेला तर कुठून देणार हे विक्रेत्याला घेतानाच विचारा.

प्रश्न: गावात सेवा केंद्र चालवते. पीसीच्या कॅबिनेटला पायाचा स्पर्श झाला की झिणझिण्या येतात, टेस्टर पण पेटतो. पीसी खराब आहे का?

ताई, पीसी बहुधा ठीक आहे, तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, लाइनमधला कचरा अर्थमधे सोडायला. अर्थच नसेल तर बॉडी मधेच लटकते आणि तिच्यावर 230 च्या निम्मे म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास येतात. करंट अगदी थोडा असतो म्हणून फक्त झिणझिणी येते, पण तेच व्होल्टेज यूएसबीच्या बाहेरच्या पत्र्यावरही असतं, म्हणजे थंब मशीनवर बोट ठेवणाऱ्या म्हाताऱ्या माणसालाही ते लागू शकतं, आणि प्रिंटर जोडताना ठिणगी पडून पोर्ट जातो. मी एका दवाखान्यात हे हसण्यावारी नेलं होतं, महिन्याभरात प्रिंटरचा पोर्ट आणि बोर्ड दोन्ही गेले, तेव्हापासून कॅबिनेट उघडायच्या आधी सॉकेट बघतो.

वायरमनला बोलवा आणि फेज-अर्थमधे 100 वॉटचा साधा बल्ब लावून बघायला सांगा. फेज-न्यूट्रलवर पेटतो तेवढाच लख्ख पेटला तर अर्थिंग चांगलं, मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर नाही. घरात ईएलसीबी, म्हणजे करंट अर्थकडे गळला की लाइन तोडणारा स्विच, असेल तर तो ट्रिप होईल, तेही चांगलंच लक्षण. अर्थिंगचा खड्डा असूनही वायर सुटलेली असेल किंवा खड्डा कोरडा पडला असेल, तर थोडक्यात काम होतं. तोपर्यंत दोन पिनांचा एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका आणि प्लगची जाड पिन कुणाला कापू देऊ नका.

प्रश्न: 600 व्हीए चा यूपीएस घेतला, पण प्रिंट दिली की बोंबलतो आणि पीसी बंद.

लेझर प्रिंटर यूपीएसवरून काढा, थेट भिंतीत लावा. टोनर कागदावर चिकटवायला आतला रोलर तापतो, तो काही सेकंद कित्येकशे वॉट ओढतो आणि 600 व्हीए म्हणजे जेमतेम 360 वॉट. यूपीएसवर फक्त पीसी, मॉनिटर आणि राउटर.

प्रश्न: शाळेत क्लार्क आहे. पीसी चौथ्या जनरेशनचा, विंडोज 10. आता टाकून द्यायचा का?

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे पगार-बँकेचं काम त्यावर वर्षानुवर्षं चालू ठेवणं बरं नाही. पण टाकूही नका. एसएसडी घालून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकली तर मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, लिब्रेऑफिस, ब्राउझर सगळं छान चालतं. आधी पेन ड्राइव्हवरून बूट करून आठवडाभर बघा, इन्स्टॉल न करता चालतं. अडचण एकच, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइली किंवा टॅली असेल तर विंडोजच लागणार, मग जुना पीसी दाखले टाइप करायला ठेवा आणि एक आठव्या जनरेशनचा मागवा.

प्रश्न: रोज सकाळी तारीख मागे जाते आणि कुठलीच साइट उघडत नाही.

बोर्डावरची सीआर 2032 बटण बॅटरी संपली. तारीख चुकली की साइटचं सर्टिफिकेट ब्राउझरला चुकीचं वाटतं म्हणून साइट उघडत नाही, नेटचा काही दोष नाही. पॉवरची वायर काढा, बॅटरी बदला, प्लसची बाजू वर, आणि बायोसमधे तारीख लावून घ्या.