जन्मसाल कुणी टाकलं?

ऑनलाइन वयतपासणीने मुलं सुरक्षित होतात का, हे विचारणारी पत्रं थांबत नाहीत. त्यातली चार.

प्रश्न : ‘मी अठरा वर्षांचा आहे’ या बटणाने मुलं अडतात का? (कर्वेनगर)

नाही.

प्रश्न : आता आधारचा फोटो दिल्याशिवाय मुलांची खाती बंद होणार, असं सोसायटीच्या ग्रुपवर आलंय. (हडपसर)

ग्रुपवर काय येत नाही! २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती सांगितली आहे. त्यासाठी आधारच हवं, असं नाही. भलत्या लिंकवर फोटो चढवू नका. ऑक्टोबर २०२५मध्ये डिस्कॉर्ड या चॅट ॲपने सुमारे ७० हजार जणांच्या ओळखपत्रांचे फोटो फुटले असावेत, असं कबूल केलं. वयाच्या तक्रारींसाठीच दिलेले होते ते! शंका आली तर आधी विचारा.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची आहे. इन्स्टाग्राम मीच काढून दिलं. हल्ली चेहऱ्यावरून वय ओळखतात ना, मग काळजी कशाला? (धायरी)

ताई, जन्मसाल कोणतं टाकलंत? तिथे किमान वय तेरा आहे, म्हणजे खरं नक्कीच टाकलं नसेल. गेल्या महिन्यात एक आई समोर बसली होती. मुलाचं खातं उघडलं, तर १ जानेवारी १९९०. ‘घाईत चाक फिरवलं हो.’ मुलगा पाचवीत, कंपनीच्या लेखी पस्तिशीचा! किशोरांसाठी खातं आपोआप खासगी ठेवणं, अनोळखी मेसेज अडवणं, ही सगळी सोय मुख्यतः त्या एका तारखेवर चालते. ती आपणच खोटी दिली, की सोय गेली. चेहऱ्यावरचा अंदाजही दोन-तीन वर्षांनी सहज चुकतो, आणि तेरा की पंधरा हाच तर प्रश्न असतो. ब्रिटनमध्ये जुलै २०२५मध्ये अश्लील साइटांवर सक्तीची तपासणी आली, त्याबरोबर व्हीपीएन, म्हणजे आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवणारं ॲप, डाउनलोड करणारे वाढले. ऑस्ट्रेलियाने त्याच डिसेंबरात सोळाच्या आतल्यांची सोशल मीडियावरची खातीच बंद करायला लावली. दंड कंपन्यांना, पालकांना नाही. आपल्याकडे पालकच हात धरून आत सोडतात. ते खातं बंद करा. मुलगी अडून बसली, तर तिला घेऊन भेटा.

प्रश्न : भाच्याकडे गेममधला कुणीतरी दोन आठवडे फोटो मागतोय. तिथे वय तपासतात, तरी? क्लासवाले ‘शंभर टक्के सुरक्षित’ ॲप विकतायत, ते घेऊ का? (चिंचवड)

ॲप नको. शंभर टक्के म्हणणाऱ्याकडून काहीच नको. वय तपासलं म्हणजे माणूस तपासला, असं होत नाही. आणि दोन आठवडे कसली वाट पाहिलीत? चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, दोन्ही आजच. भाच्यावर ओरडू नका. उद्या त्याला घेऊन या, फोनसकट.