सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू विणकर कधी आणि का आले? दोन दिवसांसाठी गेलो तर काय बघावं?

कधी आणि का, ते आधी सांगून टाकते. निजामाच्या राज्यातून, म्हणजे आजच्या तेलंगणातून, आमचे पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले. तिकडे दुष्काळ पडायचे, हातमागाला उतरती कळा लागली होती. इकडे 1877 मध्ये पहिली कापडगिरणी निघाली, पुढे आणखी निघाल्या, आणि ज्याच्या हाताला माग माहीत त्याला काम मिळू लागलं. घरच्या हातमागावर साड्या, मग पॉवरलूम, मग जेकार्डची चादर आणि टॉवेल. साखर पेठ, भद्रावती पेठ, कन्ना चौक, अशोक चौक, दत्त नगर हा पट्टा असा भरत गेला. घरात तेलुगू, शाळेत बहुतेकांची मराठी, गल्लीत दोन्ही, जोडीला कानडी आणि उर्दू. एवढं सगळीकडे छापून येतं.

छापून येत नाही ते हे, की पूर्व भागातली कितीतरी घरं बायकांच्या विडीवर चालली. तुमच्या प्रश्नातही फक्त विणकर आहेत, म्हणून लिहायला बसले.

माझी अम्मा लग्नाआधीपासून विड्या वळायची. रात्री पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळायची, पहाटे मापाचा पत्रा ठेवून कात्रीनं कापायची, आणि मांडीवर सूप घेऊन बसली की भात लावण्यापुरतीच उठायची. हिशोब हजारावर. दुपारी माल घेऊन विडी कंपनीच्या ब्रँचला. तिथला चेकर विड्यांचे कट्टे, म्हणजे जुड्या, उलटेपालटे करून बघायचा. ही बारीक झाली, हिचं तोंड नीट मुडपलं नाही, असं म्हणत मूठभर विड्या बाजूला काढायचा. त्या विड्या परत मिळत नसत आणि त्यांची मजुरीही मिळत नसे. दिलेली पानं कमी पडली तर बाहेरून स्वतःच्या पैशानं घ्यायची. 1966 च्या कायद्यानं घरी बसून वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं, पण कंपनीच्या लॉगबुकावर, म्हणजे कामाच्या नोंदवहीत, नाव चढवून घ्यायला अम्माला अनेक वर्षं भांडावं लागलं.

वडिलांचे दोन माग होते. त्यातल्या पहिल्याचे सुरुवातीचे पैसे अम्माच्या भिशीतून आले होते. सुताचे भाव चढले, उधारीवर गेलेल्या चादरींची वसुली अडकली, आणि दोन्ही माग भंगारात गेले. तेव्हापासून दादाला नोकरी लागेपर्यंत घरभाडं, किराणा, माझी कॉलेजची फी, सगळं त्या सुपातून निघालं. ताईचं लग्न अम्माच्या प्रॉव्हिडंट फंडावर झालं.

आता आमचे मोठे काका. समाजाच्या एका कार्यक्रमाची स्मरणिका निघाली, तिच्यात त्यांनी आमच्या घराण्याचा इतिहास लिहिला. आजोबा गाव सोडून आले ते सविस्तर. खड्ड्यातला माग, पहिला पॉवरलूम, तेही सविस्तर. आजी नाही, काकू नाही, अम्मा नाही. विडीचा उल्लेख एका ओळीतही नाही. मी विचारलं तर म्हणाले, "आपण भावनाऋषींच्या कुळातले, देवाला वस्त्र देणारे. तंबाखूचं कशाला लिहायचं? मुलींना स्थळं बघायची असतात." मी म्हटलं, "काका, ज्या घरात बसून तुम्ही हे लिहिलंत त्याचा स्लॅब काकूच्या फंडातून पडलाय." त्या दिवाळीला ते आमच्याकडे आले नाहीत.

काकांची भक्ती खरी आहे, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, त्या दिवशी पुरुष जानवं बदलतात, मिरवणुकीत हातमागावर कापड विणलं जातं. ते बघताना माझ्याही अंगावर काटा येतो. पण त्या रथाची वर्गणी आमच्या घरातून वर्षानुवर्षं अम्मानं दिली आहे, विडीच्या मजुरीतून. देवाला चाललेला पैसा छापायला का चालू नये?

तर बघायचं काय? चादरी कुठल्याही दुकानात मिळतील, त्यासाठी पूर्व भागात यायची गरज नाही. सोलापूरजवळच्या कुंभारीला जा. तिथे गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगार बायकांची वसाहत आहे, 10,000 घरं. माकपचे नेते आडम मास्तर, म्हणजे नरसय्या आडम, यांच्या पुढाकारानं झालेल्या लढ्यातून ती उभी राहिली आणि 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंगांच्या हस्ते चाव्या दिल्या गेल्या. तिथूनच पुढे रे नगरची 30,000 घरांची योजना आली, त्यातली 15,000 घरं जानेवारी 2024 मध्ये मिळाली. मास्तरांचं राजकारण पटो न पटो, देशात अशी दुसरी वसाहत दाखवा. नवरात्रात आलात तर बतुकम्मा बघा. फुलांची रास रचून बायका भोवती फेर धरतात, गाणी सगळी तेलुगू.

एक सांगायचं राहिलं. विडी हे चांगलं काम आहे असं मी म्हणत नाही. तंबाखूच्या धुळीनं अम्माचा खोकला अजून जात नाही, पाठ गेली आहे, आणि माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली आईचा हजार पुरा करायला म्हणून शाळेतून घरी बसल्या त्या बसल्याच. वळणाऱ्या सगळ्या पद्मशालीही नाहीत, मुस्लिम आणि इतर समाजाच्या बायकाही आहेत. पुरुषांनी गिरणीत आणि मागावर हाडं झिजवली तेही खरं.

तुम्ही या भागावर काही लिहिणार असाल तर दारात भेटलेल्या आजोबांना 'कधी आलात' विचारा, आणि आतल्या आजीला विडी कामगाराचं कार्ड कोणत्या वर्षी निघालं, दिवसाला किती वळायच्या, फंडाचं काय केलं, तेही विचारा. नावासकट लिहून घ्या, त्यांची हरकत नसेल तर. स्मरणिकेची नवी आवृत्ती काढायचं चाललंय. या वेळी आमच्या घराचं पान मी लिहून दिलंय, आणि काकूनं काकांसमोर त्याच्यावर सही केली आहे.