रोज वापरायला सोयीची आणि दिसायलाही चांगली काठी कशी निवडावी?

तुमच्या आईंचा उजवा गुडघा दुखतो आणि मेडिकलमधली काठी बघून त्या म्हणाल्या, "मी काय म्हातारी झाले का?" हे वाचलं आणि लगेच लिहायला बसले. 2022 साली माझ्या आईने हेच वाक्य उच्चारलं होतं.

आई तेव्हा 71 वर्षांची, तिचाही उजवाच गुडघा. माझ्या थोरल्या भावाने कोणालाही न विचारता चार पायांची, करड्या ॲल्युमिनियमची काठी आणली. "काठीत कसलं आलंय दिसणं? आधार महत्त्वाचा," म्हणाला. आमचं घर साताऱ्यात, मोती चौकापासून जरा वर. तिथे सपाट रस्ता शोधावा लागतो. त्या काठीचे चारही पाय एकदम टेकले तरच तिचा उपयोग. उतारावर दोन टेकतात, दोन अधांतरी, आणि काठी डगमगते. आमच्या जुन्या जिन्याच्या पायरीवर तर ती मावतच नव्हती.

पण खरं कारण वेगळंच होतं. आईने 34 वर्षं शाळेत शिकवलं. मंडईत जाताना पावलागणिक कोणी ना कोणी भेटतं, "बाई, बऱ्या आहात ना?" त्या मुलांसमोर दवाखान्यातलं सामान धरून जायचं तिच्या जिवावर यायचं. काठी दारामागे राहिली आणि आई भर एप्रिलमध्ये छत्री घेऊन भाजीला जाऊ लागली. छत्री उन्हासाठी नाही, टेकायला आहे, हे माझ्याही उशिराच लक्षात आलं.

ऑगस्टमध्ये देवळासमोरच्या ओल्या शहाबादी फरशीवर छत्रीचं टोक सटकलं. मनगट मोडलं, 6 आठवडे प्लॅस्टर. दादा म्हणाला, "घरात काठी होती ना? वापरली नाही, त्याला मी काय करू?" यावरून आम्ही दोघं वर्षभर नीट बोललो नाही. आई जी काठी हातात धरणार नाही ती चुकीचीच काठी, हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते.

प्लॅस्टर निघाल्यावर आईने आजोबांची शिसवी काठी माळ्यावरून काढायला लावली. चांदीची मूठ, फार देखणी. पण जड, आणि गोल मुठीमुळे सगळा भार तळव्याच्या मधोमध. गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत हात भरून आला. मग तिलाच दुकानात नेलं. तिने वाइन रंगाची, बारीक फुलांची, हलकी काठी उचलली. मूठ लाकडी, आडवी, अख्खा तळवा टेकेल इतकी रुंद. "माझ्या इरकलीवर शोभेल," म्हणाली. मुठीला दोरी होती, ती मनगटात अडकवली की भाजीवाल्याला पैसे द्यायला हात मोकळा.

रंग आईंच्या आवडीचा घ्या, उंची मात्र मोजूनच. रोजच्या चपला घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचा. मनगटावरच्या रेघेपर्यंत मूठ यायला हवी, म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकतं. उंच काठीने खांदा वर चढतो, ठेंगणीने कंबर वाकते. लाकडी काठी कापून घेणार असाल तर खालचं रबर चढवून मोजा.

आणि काठी डाव्या हातात. उजवा गुडघा दुखतो म्हणूनच डाव्या. दादा आईला उजव्या हातात धरायला लावायचा, "दुखतं तिकडे आधार हवा." फिजिओथेरपिस्टने त्याच्यासमोर सांगितलं, दुखरा पाय आणि विरुद्ध हातातली काठी बरोबर पुढे पडली की भार वाटला जातो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी.

घडीची काठी एसटीच्या प्रवासाला ठीक, रोजच्या वापरासाठी मी घेणार नाही. सांधे सैल झाले की खडखडते.

एक सांगायचं राहिलं. चार पायांची काठी वाईट नाही. अर्धांगवायूनंतर आमच्या शेजारच्या काकांना घरातल्या घरात तिचाच आधार झाला. आईंना चक्कर येत असेल, तोल जात असेल किंवा दोन्ही गुडघे गेले असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा, कदाचित वॉकरच लागेल. पैशांची अडचण असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेची चौकशी करा. 65 वर्षं पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल तर अशा साधनांसाठी एकरकमी 3,000 रुपये मिळतात.

दुकानात आईंना घेऊनच जा, चार पावलं चालून बघू द्या, आणि त्यांनी भडक रंग निवडला तर मध्ये बोलू नका. "या वयात फुलाफुलांची काठी शोभते का?" असं दादा आईला तोंडावर म्हणाला होता. तीच काठी घेऊन ती आजही रोज मंडईत जाते. खालच्या रबराच्या रेघा झिजल्या की मी नवीन बसवते, आतापर्यंत चार वेळा बदललंय.