दहाचा पाचवा घात एकशे पाच कसा झाला?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. घातांकांवरील सराव प्रश्नपत्रिका मी वर्डमध्ये टाइप केली आणि सर्व घातांक नीट वर चढवले. तोच मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर सहकाऱ्यांना पाठवला, तेव्हा दहाच्या पाचव्या घाताचे सरळ १०५ झाले. घातांक जागच्या जागी राहावा यासाठी काय करावे? शिवाय मला मराठी अंक हवे आहेत; इंटरनेटवरून उचललेला छोटा आकडा मात्र इंग्रजीच निघतो.

उत्तर : एक लाखाचे एकशे पाच झाले, यात तुमच्या टंकलेखनाचा दोष नाही. वर्डमध्ये आपण जो घातांक वर चढवतो, तो मुळात साधा ५ हाच आकडा असतो. तो लहान करून ओळीच्या वर दाखवावा, एवढी सूचना त्याला जोडलेली असते. मजकूर जिथे केवळ अक्षरांच्या रूपाने जातो, तिथे ही सूचना मागे राहते आणि आकडा खाली उतरून शेजारच्या दहाला जाऊन चिकटतो.

याउलट, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरचिन्हांच्या सर्वमान्य यादीत, काही घातांकांना स्वतंत्र चिन्हांचा दर्जा आहे. उजवीकडच्या अंकपटाचा नमलॉक चालू ठेवून, ऑल्ट कळ दाबून धरून तिथेच ०१७८ टाइप केल्यास ² उमटतो आणि ०१७९ टाइप केल्यास ³ उमटतो. ही चिन्हे कुठेही पाठवली तरी घसरत नाहीत. मात्र ¹, ² आणि ³ ही तीन चिन्हे जुन्या संकेतसंचातून आलेली आहेत व बाकीची नंतर वेगळ्या जागी बसवलेली आहेत, त्यामुळे ज्या फॉन्टमध्ये पहिली तीनच असतात, तिथे ⁴ किंवा ⁵ दुसऱ्या फॉन्टमधून उसना घेतला जातो आणि त्याची उंची व जाडी वेगळी दिसते.

तुमची खरी अडचण याहून मोठी आहे : असे वर चढवलेले देवनागरी अंक युनिकोडमध्ये नाहीतच. म्हणून १०⁵ असे मिश्र रूप तयार होते, आणि प्रश्नपत्रिकेत ते मला तरी खटकते. (चिन्हांच्या यादीत शोधताना देवनागरीचे छोटे अंक तुम्हाला कदाचित सापडतील, पण ते सामगानाच्या स्वरखुणांसाठी २००९ साली समाविष्ट झालेले आहेत. ते मागच्या अक्षराच्या थेट डोक्यावर बसतात, त्याच्या उजव्या खांद्यावर नव्हे. घातांकासाठी ते वापरू नयेत.)

तेव्हा मराठी अंक हवे असतील, तर वर्डची नेहमीची सोयच वापरावी. फक्त घातांकाचा आकडा निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि बरोबरच्या चिन्हाची कळ एकत्र दाबावी. मराठी कळफलक चालू असताना वर्डने दाद दिली नाही, तर होम पट्टीवरील एक्सच्या खांद्यावर दोन असलेले बटण दाबावे. पुढचा घातांक निवडून नुसती एफ४ दाबली की तीच क्रिया पुन्हा होते. चाळीस-पन्नास घातांक असलेल्या पत्रिकेत याने बराच वेळ वाचतो. पुढचा मजकूरही वरच चढू लागला, तर कंट्रोल आणि स्पेसबार दाबून तो खाली आणता येतो. लिबरऑफिसमध्ये याच कामासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि पी या कळा आहेत, तर गूगल डॉक्समध्ये कंट्रोल आणि पूर्णविराम. आकड्याचा आकार हाताने कमी करून तो वर सरकवण्याचा खटाटोप मात्र करू नये, कारण पुढे फॉन्टचा आकार बदलला की सगळे बिघडते.

घातांकातच पदावली असेल, तर वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरचे चिन्ह दाबून समीकरणाची चौकट उघडावी. तिथे ^ हे चिन्ह देऊन घातांक कंसात लिहिला आणि जागा सोडली की तो आपोआप वर जातो व कंसही नाहीसा होतो. पण या चौकटीच्या कँब्रिया मॅथ फॉन्टमध्ये देवनागरी नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांच्या पदावलीसाठीच ती सोयीची.

पत्रिका सहकाऱ्यांना पाठवताना मजकूर न उचलता पीडीएफ करून पाठवावी. संदेशातच एखादे उदाहरण लिहायचे असेल, तर १०^५ असे लिहावे. दिसायला ते ओबडधोबड आहे, पण त्याचे एकशे पाच कोणी वाचणार नाही.

प्रश्न : 'सेमी²' असे लिहिल्यावर दोनचा आकडा वेलांटीला खेटतो. उपाय काय?

उत्तर : फॉन्टच्या खिडकीतील ॲडव्हान्स्ड भागात अक्षरांमधील अंतर किंचित वाढवता येते, पण त्यापेक्षा शालेय पुस्तकांत रूढ असलेले 'चौसेमी' लिहावे, आणि घनफळासाठी 'घसेमी'.