जुनी गाडी मध्येच बंद पडते? आधी सांगा, कधी पडते

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत, जुनी गाडी चालता चालता बंद पडते. माझ्या गॅरेजमध्ये अशी गाडी आली की बॉनेट उघडायच्या आधी मी मालकालाच विचारतो, कधी बंद पडते? थंड असताना की तापल्यावर, पावसात की उन्हात, सर्कलला की चढावर? अर्धं निदान तिथंच होतं. अंदाजाने पार्ट बदलत सुटलं की पैसे जातात आणि गाडी तशीच राहते, हे मी खूप बघितलंय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

मारुती 800, 1998ची, कार्बुरेटरवाली. जोराचा पाऊस लागला की शृंगारतळीच्या आसपास हमखास बंद पडते, ऊन पडलं की आपोआप सुरू. कार्बुरेटर दोनदा साफ केला. (गुहागर)

कार्बुरेटरला आता हात लावू नका. ओलाव्यात बंद आणि सुकल्यावर सुरू म्हणजे करंट गळतोय. डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला करंट वाटून देणारा डबा) कॅप, आत फिरणारा रोटर आणि प्लगच्या वायरी बघा. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा, कपड्यांना इस्त्री करताना पाणी मारतो त्या स्प्रेने वायरींवर थोडे तुषार सोडा, जिथे निळ्या ठिणग्या नाचतील तिथे गळती आहे. हात लांब ठेवा, तिथे हजारो व्होल्ट असतात. कॅपच्या आत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर पुसून भागणार नाही, कॅप बदलायचीच, आणि वायरी घालायच्या तर सगळा सेट एकदम घाला.

वॅगन आर, 2008, पेट्रोल. कोल्हापूरला जाताना फोंडा घाटात बंद पडते, वीस मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू होते. एका गॅरेजने पेट्रोल पंप बदलला, तरी तेच. (मालवण)

आधी आठवा, बंद पडते कशी? ओढ कमी होत, झटके मारत मारत बंद पडली तर पेट्रोल कमी पोचतंय, मग फिल्टर आणि पंपाची वायरिंग बघायची. पण घरातली लाईट गेल्यासारखी एकदम चूप झाली तर मला क्रँक किंवा कॅम सेन्सरचा (इंजिन कुठवर फिरलंय ते गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारे), नाहीतर ठिणगीचा करंट तयार करणाऱ्या इग्निशन कॉइलचा संशय येतो. सेन्सरच्या आत केसाएवढी बारीक तार असते, ती तापली की आतून तुटते, गार झाली की परत जुळते, म्हणून गॅरेजमध्ये गाडी पोचेपर्यंत सगळं ओके दिसतं आणि मेकॅनिक पण फसतो.

पुढच्या वेळी बंद पडली की लगेच चावी फक्त ऑन करा, स्टार्टर मारू नका. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद गूंऽऽ असा आवाज आला तर पंपाला करंट मिळतोय. मग मेकॅनिकला सांगून गाडी मुद्दाम तापवा, बंद पडली की सेन्सरवर ओलं फडकं ठेवा, दोन-चार मिनिटांत सुरू झाली तर चोर सापडला. चेक इंजिनचा दिवा लागला नाही म्हणजे सेन्सर चांगला, असं धरून चालू नका.

आणि हे घरात गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना सांगून ठेवा. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकच्या बूस्टरमध्ये, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यात, एक-दोन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो. घाटात ब्रेक परत परत मारायचा नाही, एकदाच घट्ट दाबून धरायचा, हँडब्रेक ओढायचा आणि उतरल्यावर चाकाला दगड लावायचा. चालत्या गाडीत चावी काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं.

सँट्रो, 2006. मारुती मंदिरच्या सर्कलला स्लो केली आणि एसी चालू असला की बंद. पळताना काही त्रास नाही. (रत्नागिरी)

थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, काळी झाली असणार. अॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनला जी थोडीशी हवा लागते तिची वाट कार्बनने बुजते, त्यात एसीचा लोड येतो. थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह (आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर सोडल्यावर, हवा देणारा) क्लीनरने धुवून घ्या, व्हॅक्यूमचे रबरी पाइप चिरलेत का तेही बघा. नुसता स्क्रू पिळून आयडल वाढवून देणारा भेटला तर नको म्हणा, रोग दबतो आणि पेट्रोल जास्त जातं.

ओम्नी, घर समुद्रापासून जवळ. खड्ड्यात आदळली की इंजिन, हॉर्न, लाईट सगळंच जातं, परत हादरली की येतं. (वेंगुर्ला)

सगळं एकदम जातंय म्हणजे बॅटरीचे टर्मिनल नाहीतर अर्थ. खाऱ्या हवेत आपल्याकडे हे फार. बॅटरीच्या मायनसची वायर जिथे बॉडीला बोल्ट केलीय तो बोल्ट खोला, बहुतेक वॉशरखाली हिरवी-पांढरी पूड निघेल आणि वायर बोटाने वाकवली तर आत कुरकुर वाजेल. पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, नवी वायर कसून आवळा, वरून ग्रीस लावा. दर पावसाळ्याआधी हे करा, तासाभराचं पण काम नाही.

इंडिका डिझेल, जुनी. सकाळी सुरू होते, मिनिटभरात बंद, मग खूप वेळ सेल्फ मारावा लागतो. (दापोली)

रात्रभरात डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरतेय. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये थोडा वेळ पारदर्शक पाइप लावून बघा, बुडबुडे दिसले की मागे मागे जात प्रत्येक क्लिप आणि वॉशर तपासा. फिल्टरखालचा ड्रेन पण उघडा, आधी पाणी येतं का ते बाटलीत धरून बघा.