आधी कढीपत्ता बघा

फुलपाखरं बघायला सुरुवात करताय? मग पहिल्याच दिवशी नीलवंताच्या (ब्लू मॉरमॉनच्या) मागे धावू नका. 2015 पासून ते आपलं राज्य फुलपाखरू आहे खरं, पण फुलावर आलं तरी पंख फडफडतच असतात, नवख्याच्या हाती फोटो धड लागत नाही. घरच्या लिंबापासून किंवा कढीपत्त्यापासून सुरुवात करा. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर पुसू नका, वाकून बघा. ती लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी असू शकते. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचलं तर डोक्यामागून शिंगासारखा अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. मी अशा अळ्या तासन्‌तास बघत बसलोय! त्या झाडावर औषध मारू नका. चार पानं खाल्ली तर खाऊ देत.

फोटोसाठी सकाळी, कोवळ्या उन्हात जा. फुलपाखरं पंख पसरून शेकत बसतात. हळूहळू पुढे सरका, आपली सावली पडली की ते उडालंच. पंखांची खालची बाजूही टिपा, ओळख पटवताना ती फार उपयोगी पडते.

कोशातून नुकतंच निघालेलं, पंख चुरगळलेलं फुलपाखरू दिसलं तर उचलू नका. पंख ताठ व्हायला त्याला तसंच लटकून राहावं लागतं. दोन-तीन तासांनी परत या.